मागें कोण बसणार?

नाशिकच्या माणसाला मोटार विकत घेतांना एक अडचण येते, ती पुण्या-मुंबईच्या माणसाला सहसा येत नाहीं. इतरांना मोटार दुकानांतून घ्यावयाची असते. नाशिककराला ती जवळजवळ नात्यांतून घ्यावी लागते. सातपूरच्या मोटारीच्या कारखान्यांत ज्याचा मामा, मेहुणा, शेजारी किंवा वर्गबंधु कामाला नव्हता अगर नाहीं, असा नाशिककर मिळणें कठीण. रंगकामाच्या विभागांत एक, सांगाडा जोडण्याच्या विभागांत दुसरा, आणि तिसरा सेवानिवृत्त होऊन गेल्या पंचवीस वर्षांतल्या प्रत्येक गाडीचे गुणदोष ऐकविण्यास पूर्णपणें मोकळा! अशा गांवांत दोन गाड्यांपैकीं एक निवडणें म्हणजे एकाच घरच्या दोन स्थळांपैकीं एकाला होकार देण्यासारखें आहे. जिला होकार द्यावा तिचें कौतुक मोकळेपणानें करतां येतें. पण जिला नकार द्यावा तिच्याविषयीं बोलतांना जीभ जपावी लागते.

बोलेरो घ्यावी कीं स्कॉर्पिओ, हा वाद २०२५ च्या दिवाळीपूर्वीं आमच्या घरीं तीन आठवडे चालला होता. दोघीही सातपूरच्या. बोलेरो २००० सालीं बाजारांत आली आणि स्कॉर्पिओ २००२ च्या जूनमध्यें. म्हणजे वयांत अंतर अवघें दोन वर्षांचें. पण स्वभावांत म्हणाल तर दोन पिढ्यांचें! बोलेरोची वंशावळ सरळ आहे. तिच्या आधींची आर्माडा, आर्माडाच्या आधींची जीप, आणि जीपचा मूळ पुरुष दुसऱ्या महायुद्धाच्या रणांगणावरचा. महिंद्रा कंपनीचा आरंभ १९४५ सालीं लुधियान्यास पोलादाच्या व्यापारानें झाला. दोन महिंद्रा बंधु आणि तिसरे भागीदार मलिक गुलाम महंमद. देशाची फाळणी झाली, तिसरे भागीदार पाकिस्तानांत जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री आणि पुढें गव्हर्नर-जनरल झाले, आणि मागें राहिलेल्या बंधूंनीं विलिज जीपची जुळणी आपल्या देशांत सुरू केली. बोलेरोच्या चौकोनी अंगलटींत त्या जीपचा चेहरा अजून ओळखूं येतो. स्कॉर्पिओचें तसें नाहीं. नाशिकच्या संशोधन विभागांत पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखालीं तिची आंखणी नव्यानें झाली. कागदावरच्या पहिल्या रेघेपासून मोटार आपणच उभी करूं शकतों, हा आत्मविश्वास या शहरानें तिच्यामुळें मिळविला. म्हणून सातपूरचा जुना कामगार बोलेरोविषयीं जिव्हाळ्यानें बोलतो, आणि स्कॉर्पिओविषयीं अभिमानानें.

आमच्या घरीं या दोन भावनांचे दोन पक्ष झाले. धाकटा भाऊ निफाड तालुक्यांत आमची वडिलोपार्जित द्राक्षबाग पाहतो; मी शहरांत राहतों. वडिलांच्या पश्चात् चुली वेगळ्या झाल्या, उतारे वेगळे झाले, आणि तें सर्व कसलाही कटु शब्द न उच्चारतां झालें. परंतु कटुता नसणें निराळें आणि कांहीं एक सामाईक असणें निराळें. अनेक वर्षांनंतर दोघांनीं निम्मे निम्मे पैसे घालून घ्यावयाची अशी ही पहिलीच वस्तु होती. म्हणून गाडीच्या निवडीवर थोडासा मतभेद झाला, तरी तो गाडीपुरता राहील कीं नाहीं, अशी धाकधूक दोन्ही घरच्या बायकांच्या मनांत होती. ती त्या बोलून दाखवीत नव्हत्या, एवढेंच.

भाऊ बोलेरोच्या बाजूचा. त्याचें म्हणणें असें कीं, बांधावरून, कालव्याच्या कडेनें आणि पावसाळ्यांतल्या काळ्या चिखलांतून रोज जाणाऱ्या गाडीला रूप नको, कणा पाहिजे. तिच्या मागच्या चाकांवर पोलादी पाट्यांच्या कमानी आहेत, बैलगाडीच्या धुरेइतक्या साध्या. ओझें वाढलें म्हणजे त्या कुरकुरत नाहींत. उलट रिकाम्या गाडींतच अधिक धक्के देतात. बिघाड झाला तर पिंपळगांवचा कोणताही कारागीर ती उघडून बसतो. इंजिन तीन नळकांड्यांचें, पंचाहत्तर अश्वशक्तीचें; घाई करणाऱ्याला तें उपयोगी नाहीं, पण घाई न करणाऱ्याला दगा देत नाहीं.

माझा मुलगा स्कॉर्पिओच्या बाजूचा. त्याच्याजवळ आंकडे होते. इंजिन चार नळकांड्यांचें, अश्वशक्ति एकशें तीस, दांते सहा. मागच्या चाकांवर पाट्यांऐवजीं गुंडाळीच्या स्प्रिंगा, त्यामुळें लांबच्या प्रवासांत पाठ दुखत नाहीं. कसाऱ्याच्या घाटांत मालमोटारीच्या मागें किती वेळ रांगत राहावयाचें, हा त्याचा प्रश्न. समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला, आणि सातशें एक किलोमीटरांचा तो रस्ता पुरा झाला. तेथें मोटारींना ताशीं एकशें वीस किलोमीटरांची मुभा आहे. मग त्या रस्त्यावर बोलेरो घेऊन जाणें म्हणजे लग्नाच्या वरातींत कांबळें पांघरून जाणें होय, असें तो म्हणाला. त्यावर भाऊ शांतपणें म्हणाला, “थंडी असली तर कांबळेंच उपयोगी पडतें, बाबा.”

या वादांत सरकारनेंही आपलें मत दिलें होतें. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तु व सेवा कराचे दर बदलले. जी डिझेल मोटार लांबीनें चार मीटरांच्या आंत आणि इंजिनानें पंधराशें घनसेंटिमीटरांच्या आंत बसते, तिला अठरा टक्के. त्याहून मोठीला चाळीस. बोलेरोची लांबी तीन हजार नऊशें पंचाण्णव मिलिमीटर आणि इंजिन चौदाशें त्र्याण्णव घनसेंटिमीटर. मर्यादेच्या आंत ती पांच मिलिमीटरांनीं उभी आहे, आणि हा योगायोग नव्हे. पूर्वीं ती चार मीटरांहून अधिक लांब होती. २०१६ सालीं अशाच कराकडे दृष्टि ठेवून तिला आंखूड केलें. शिंप्यानें गिऱ्हाइकाच्या अंगाऐवजीं पेटीच्या मापानें कोट बेतावा, तशांतला हा प्रकार. स्कॉर्पिओनें मात्र आपलें साडेचार मीटरांच्या जवळचें अंग आंखडलें नाहीं आणि चाळीस टक्क्यांचा धनी झाली. परिणामीं त्या दिवाळीच्या सुमारास बोलेरो आठ ते दहा लाखांच्या दरम्यान, तर जुन्या बांधणीची स्कॉर्पिओ तेरा लाखांच्या आसपास सुरू होऊन पुढें चढत जाणारी, असें चित्र होतें. नोंदणी आणि विमा वेगळा.

इतकें सर्व झाल्यावरही निर्णय होईना. कारण आंकडे दोन्ही पक्षांना सारखेच उपयोगी पडत होते. एका रात्रीं जेवणें झाल्यावर भाऊ आणि मी कागद घेऊन बसलों असतां आई आंतून आली. तिचें वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे दोन्ही दुखरे. आमचें बोलणें तिनें थोडा वेळ ऐकून घेतलें आणि म्हणाली, “अरे, गाडी कोणतीही घ्या. मागें कोण बसणार, तेवढें मला आधीं सांगा.”

प्रथम आम्हांला वाटलें, आपल्याला मागें चढावें लागेल अशी तिला भीति वाटते. भाऊ लगेच म्हणाला, “तुला कशाला मागें बसवूं आम्ही?” त्यावर ती म्हणाली, “माझें नाहीं विचारीत. तुमची आत्या जन्मभर मागें बसली. आतां कोणाला बसवणार?”

या वाक्याचा अर्थ आमच्या पिढीच्या माणसांनाच पुरता कळेल. आमच्या लहानपणीं दर चैत्रांत सप्तशृंगीच्या गडावर जाण्यासाठीं वडील जीप ठरवीत. चालकाच्या शेजारीं वडील आणि काका; मधल्या बाकावर आई, काकू आणि मांडीवरचीं मुलें; आणि पाठीमागें समोरासमोरच्या दोन आडव्या बाकांवर उरलेलीं मुलें, डबे, वळकट्या आणि आत्या. आत्या बालविधवा. तिनें कधीं जागा मागितली नाहीं आणि तिला कोणीं विचारली नाहीं. मागचा ताडपत्रीचा पडदा उडे, चाकांची सर्व धूळ आंत येई, नांदुरीच्या घाटाच्या प्रत्येक वळणाला ती एका हातानें लोखंडी दांडा आणि दुसऱ्या हातानें आम्हां मुलांपैकीं एकाला धरून ठेवी. गडाच्या पायथ्याशीं सर्वांत शेवटीं ती उतरे, तेव्हां तिच्या पदरावर धुळीचा थर बसलेला असे. तो झटकून ती हंसत म्हणे, “मागून सगळा डोंगर दिसतो.” तें खरेंही होतें. पण पुढच्या कोणाला तो डोंगर पाहण्यासाठीं मागें येऊन बसावेंसें वाटलें नाहीं.

कुटुंबाच्या गाडींत आसनें असतात तीं केवळ बसण्यासाठीं नसतात. घरांत कोणाचें वजन किती, हें त्यांवरून बिनचूक कळतें. जेवणाच्या पंगतींत, लग्नाच्या मांडवांत आणि मोटारींत प्रत्येकाची जागा न सांगतां ठरलेली असते. पंगतींतली जागा चुकली तर फार तर वरण निवतें. मोटारींतल्या जागेचें तसें नाहीं.

कारण मोटारीच्या वेगाला नातें कळत नाहीं. ताशीं ऐंशी किलोमीटरांनीं धांवणारी गाडी एका सेकंदांत बावीस मीटर जाते, आणि तिच्यांतलीं माणसेंही तितकींच जातात. गाडी एकाएकीं थांबली म्हणजे माणसांचीं शरीरें आपण होऊन थांबत नाहींत. त्यांना कोणीतरी थांबवावें लागतें. पुढें तोंड करून बसलेल्याला पट्टा थांबवितो. आडव्या बाकावर बसलेल्याच्या पाठीशीं गाडीची भिंत असते, ती धक्क्याच्या दिशेला नसतेच. तो बाजूला, शेजारच्यावर, पुढच्या आसनाच्या पाठीवर फेंकला जातो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पट्टा बांधण्याची सक्ति कोणाला, हें सांगतांना चालक, त्याच्या शेजारचा, आणि मागें पुढच्या दिशेस तोंड असलेल्या आसनांवर बसणारे, असे शब्द आहेत. आडव्या बाकांचा त्यांत उल्लेख नाहीं. आत्या जेथें बसे ती जागा कायद्याच्या वाक्यांतही मागेंच राहिली आहे!

पुढें तोंड करून बसलें म्हणजे सर्व झालें, असेंही नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. गाडी महागांतली, बांधणी मजबूत. पुढें बसलेलीं दोघें वांचलीं. मागें बसलेले दोघे, ज्यांत मिस्त्री होते, गेले. मागच्यांनीं पट्टे बांधले नव्हते असें पोलिसांनीं सांगितलें. त्यानंतर कांहीं दिवस सर्व देश मागच्या पट्ट्याविषयीं बोलत होता. मागचें आसन हें निर्धास्त आसन, ही आपली समजूत किती जुनी आणि किती घट्ट आहे, हें तेव्हां दिसलें. ज्याला गाडी चालवावयाची नाहीं त्यानें आपल्याला कांहीं होईल ही काळजीही करावयाची नाहीं, असें जणूं आपण धरून चालतों.

आईच्या प्रश्नानंतर मीं त्याच कागदाच्या पाठीमागें दोन गाड्यांच्या आकृति काढल्या आणि प्रत्येक चौकोनांत एकेक नांव लिहावयास घेतलें. आम्ही मोजून सात: आई, भाऊ, भावजय, माझी पत्नी, मुलगा, मुलगी आणि मी. बोलेरोंत पुढें दोन, मध्यें तीन. पुढें तोंड केलेल्या जागा संपल्या. उरलेल्या दोन आडव्या बाकांवर. स्कॉर्पिओच्या वरच्या प्रतींत मागचें बाकही पुढें तोंड करून मिळतें. तेथें सातांची सोय होते. म्हणजे आईच्या प्रश्नाचें उत्तर स्कॉर्पिओजवळ होतें. मुलानें चाकणच्या नव्या स्कॉर्पिओ-एनचेंही नांव काढलें. तिला २०२२ सालच्या टकरीच्या चाचणींत पांच तारे मिळाले आहेत, आणि २०१६ सालीं जुन्या स्कॉर्पिओच्या बिनएअरबॅगच्या प्रतीला शून्य मिळालें होतें, हेंही त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें. एकाच नांवाखालीं शून्यही असूं शकतें आणि पांचही. तेव्हां नांव पाहून निर्धास्त होऊं नये, हें त्यावरून दिसलें.

पण आम्हां दोघां भावांची मिळून मर्यादा बारा लाखांची होती, आणि ती नोंदणी-विम्यासह होती. त्यापलीकडे जावयाचें तर कर्ज. बागेंत छाटणी झालेली, घड अजून सुटावयाचे, आणि अवकाळी पावसाचा नेम नाहीं, अशा वेळीं कर्ज काढावयास भाऊ तयार नव्हता. त्याला तयार करण्याचा मला अधिकारही नव्हता. ज्याचें वर्षाचें उत्पन्न एका रात्रींतल्या गारांवर अवलंबून आहे, त्याला ‘थोडे हप्ते पडतील एवढेंच’ असें पगारदारानें सांगूं नये. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्यानेंच स्कॉर्पिओच्या आकृतीवर रेघ मारली. माझ्या दृष्टीनें त्या तीन आठवड्यांतली ही सर्वांत मोठी गोष्ट.

बोलेरो आली. पण तिच्याबरोबर घरांत एक ठरावही आला. मागच्या आडव्या बाकांवर माणूस बसणार नाहीं. मग तो घरचा असो, पाहुणा असो, कीं द्राक्षें तोडावयास आलेला मजूर असो. बाकें दुमडून तेथें क्रेट ठेवावयाचे, पेंड ठेवावयाची, वळकट्या ठेवावयाच्या. गाडी पांचांची. चालकाच्या शेजारची जागा आईची. पायरी उंच पडते म्हणून तिच्यासाठीं जेवणाचा एक जुना पाट गाडींत कायमचा ठेवला आहे. मागच्या आसनावरच्यांनींही पट्टा बांधल्याशिवाय किल्ली फिरवावयाची नाहीं.

मग सात जणांनीं गडावर जावयाचें कसें? हा प्रश्न मुलीनें काढला, आणि उत्तरही तिनेंच दिलें: दोघांनीं एस.टी.नें जावें. कोणीं जावें यावर मात्र मोठा विनोद झाला. हिशेबानें पाहिलें तर एस.टी.नें जाण्याचा पहिला मान आईचा. पंचाहत्तर वर्षांपुढील माणसांना २०२२ पासून ती फुकट नेते. दुसरा मान बायकांचा. त्यांना २०२३ पासून अर्धें तिकीट. पूर्ण तिकीट पडतें तें आम्हां पुरुषांनाच. तरी ठरलें तें असें कीं, ज्यांनीं गाडीचे पैसे भरले त्या दोघांनीं एस.टी.नें जावें आणि गाडी मुलानें चालवावी. पहिल्या फेरीला आम्ही दोघे भाऊ नाशिकच्या स्थानकांतून वणीच्या गाडींत बसलों. कित्येक वर्षांत आम्ही दोघेच असे शेजारीं शेजारीं बसलों नव्हतों. दिंडोरी मागें पडेपर्यंत आम्ही पाऊस-पाण्याचें बोललों, दिंडोरीनंतर आत्याविषयीं. गडावर पोंचलों तेव्हां आई आमच्या आधीं येऊन बसली होती. आतां पायऱ्या चढाव्या लागत नाहींत; २०१८ पासून डोंगराच्या उतारावर रुळांवरून चढणारी गाडी आहे, तींत तीही चढून गेली.

सातपूरच्या आमच्या सेवानिवृत्त शेजाऱ्यांना ही व्यवस्था मुळींच पटलेली नाहीं. “सातांची गाडी घेऊन पांचांनीं बसावयाचें, म्हणजे आम्ही त्या दोन जागा फुकटच बसविल्या म्हणावयाच्या!” असें ते म्हणतात. त्यांचा राग मी समजूं शकतों. बाकाचे बोल्ट त्यांनीं स्वतः आंवळलेले असतील. पण मोटार बनविणारे जागा करून देतात; तेथें कोणाला बसवावयाचें, हें त्यांना ठरवितां येत नाहीं. आपल्याला कोणती गाडी मिळेल हें पुष्कळदां आपली थैली ठरविते, कर ठरवितो, अवकाळी पाऊस ठरवितो. तींत कोण कोठें बसेल, एवढें मात्र सर्वस्वीं आपल्या हातांत उरतें. म्हणून दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं घरीं एका कागदावर चौकोन आंखावे आणि त्यांत सर्वांचीं नांवें लिहून पाहावीं, असें मी मित्रांना सांगतों. अश्वशक्तीचा आणि रंगाचा विचार त्यानंतर केला तरी उशीर होत नाहीं. शेवटच्या चौकोनांत नांव लिहितांना जर लेखणी अडली, तर तेथें थोडा वेळ थांबावें. आणि जिचें वा ज्याचें नांव लिहावयाचें मनांत होतें, त्या माणसाला एकदां विचारून यावें.